घटक ६ : इंग्रजीमार्गे मराठीत आलेले फ्रेंच शब्द – उच्चार आणि लेखन

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर इंग्रजीतील कोणता शब्द मूळचा फ्रेंच असावा, याचा अंदाज आपल्याला त्याच्या वर्णलेखनावरून बांधता येईल. तो शब्द इंग्रजीत कसा उच्चारला जातो आणि मराठीत येताना त्याच्या ध्वनींत कोणते बदल झाले, हे सांगता येईल. तो देवनागरीत कसा लिहावा व त्याचे सामान्यरूप कसे करावे, याचाही निर्णय घेता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, भाषांमधील आदानप्रदानाची कारणे आपण मागील घटकात पाहिली. आता एका विशिष्ट प्रवासाचा अभ्यास करू. एखादा शब्द फ्रान्समधून इंग्लंडात जातो, तेथे काही शतके राहतो आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे येतो. प्रत्येक मुक्कामी त्याच्या उच्चारात काहीतरी बदलते. त्याचे लेखन मात्र बरेचदा पहिल्याच मुक्कामाचे राहते. उच्चार आणि लेखन यांच्या या फारकतीमुळेच पुढे विद्यार्थ्याची अडचण होते.

नमुना म्हणून आपण यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे तालुक्याचे गाव घेऊ. अरुणावती नदीच्या काठचे हे गाव नागपूर, वर्धा, यवतमाळ, नांदेडवरून तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. येथे फ्रेंचांचे राज्य कधीही नव्हते. तरीही आर्णीचा एखादा शेतकरी दिवसभरात काय काय करतो पाहा. तो तिकीट काढून यवतमाळच्या डेपोत उतरतो, कापसाचा भाव पाहायला कॉटन मार्केटात जातो, दुचाकी गॅरेजात टाकलेली असते तिची चौकशी करतो, पेट्रोलचा दर ऐकून हळहळतो, संध्याकाळी लग्नात वधूवरांना बुके देतो आणि बुफेच्या रांगेत उभा राहतो. तिकीट, डेपो, कॉटन, मार्केट, गॅरेज, पेट्रोल, बुके, बुफे हे आठही शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून, जुन्या वा नव्या, घेतलेले आहेत. आपल्या शेतकऱ्याने दिवसभर फ्रेंच वापरली आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

यांतील ‘कॉटन’ हा शब्द विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. अरबीतील ‘कुत्न’ हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये ‘कोतों’ झाला, इंग्रजीत ‘कॉटन’ झाला आणि जेथे कापूस पिकतो त्या वऱ्हाडात बाजाराच्या नावात येऊन बसला. कापसातील सरकी वेगळी करणारे ‘जिन’ही मूळचे फ्रेंचच. ‘एंजिन’ या जुन्या फ्रेंच शब्दाचा पहिला अवयव गळून ‘जिन’ उरले आणि त्यावर इंग्रजी प्रत्यय चढून ‘जिनिंग’ झाले. जिनिंगच्या आवारात काम करणाऱ्याला हे माहीत असण्याचे कारण नाही, पण भाषेच्या विद्यार्थ्याला ते माहीत असावे.

६.२ एकच शब्द दोनदा

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर सुमारे तीन शतके राजदरबार, न्यायालये आणि सरदारवर्ग यांची भाषा फ्रेंच होती. न्यायालयात तोंडी कामकाज इंग्रजीत चालावे असा कायदा १३६२ साली झाला, आणि गंमत अशी की तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. आपल्याला ही परिस्थिती परकी वाटू नये. बहमनी राजवटीपासून मराठी मुलुखातील दरबारी भाषा फार्सी होती. जमीन, महसूल, वकील, फौज, तहसील हे शब्द ज्या वाटेने मराठीत आले, त्याच वाटेने कोर्ट, जज, टॅक्स, आर्मी हे शब्द इंग्रजीत आले. राज्यकर्त्यांची भाषा प्रथम कचेरीत शिरते, मग बाजारात, आणि सर्वांत शेवटी स्वयंपाकघरात.

नॉर्मन राजवट संपली तरी इंग्रजी फ्रेंचकडून शब्द घेतच राहिली. सतराव्या शतकानंतर हे शब्द सत्तेमुळे नव्हे, तर प्रतिष्ठेमुळे आले. फॅशन, पाककला, नृत्य, सैन्यविद्या आणि साहित्यसमीक्षा या क्षेत्रांत फ्रान्सचा दबदबा होता. म्हणून इंग्रजीत फ्रेंच शब्दांचे ढोबळमानाने दोन थर आहेत. जुना थर इतका मुरलेला आहे की इंग्रज माणसालाही तो परका वाटत नाही. नवा थर अजून पाहुण्यासारखा वागवला जातो आणि त्याचा उच्चार शक्य तितका फ्रेंचच्या जवळ ठेवण्याचा प्रयत्न होतो. हे दोन थर ओळखता आले की उच्चाराचे निम्मे कोडे सुटते.

थर ओळखण्याचे उत्तम साधन म्हणजे दोनदा घेतलेले शब्द. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हे मुळात एकच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘सीएच’ या जोडाक्षराचा उच्चार ‘च’ होता. त्या काळात इंग्रजीने ‘चीफ’ घेतला. पुढे फ्रेंचमधील ‘च’चा ‘श’ झाला आणि एकोणिसाव्या शतकात तोच शब्द ‘स्वयंपाकघराचा मुख्य’ या अर्थाने ‘शेफ’ म्हणून पुन्हा आला. चेंबर, चेअर, चार्ज, चान्स हे जुन्या थरातले. मशीन, ब्रोशर, पॅराशूट, शॅम्पेन, क्लिशे हे नव्या थरातले. फ्रेंचांनी स्वतः सोडून दिलेला ‘च’ इंग्रजीने सांभाळून ठेवला आहे.

आपल्या क्रिकेटच्या बोलण्यातही अशी एक जोडी आहे. ‘कॅच’ पकडणे आणि धावसंख्या ‘चेस’ करणे, हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे. उत्तरेकडील नॉर्मन बोलीत ‘क’ टिकला, म्हणून ‘कॅच’. मध्य फ्रान्समध्ये त्याचा ‘च’ झाला, म्हणून ‘चेस’. दुकानदार ज्या ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’मधला फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगत असतो, तीही अशीच बोलींची जोडी आहे. नॉर्मन बोलीत ‘व’, इतर फ्रेंचमध्ये ‘ग’. अर्थातील फरक नंतर पडला.

याहून मोठे कुटुंब ‘हॉस्पिटल’, ‘हॉस्टेल’ आणि ‘हॉटेल’ यांचे. पाहुण्याला आसरा देण्याची जागा हा मूळ अर्थ. फ्रेंचमध्ये ‘ट’च्या आधीचा ‘स’ गळाला आणि ‘हॉस्टेल’चे ‘ओतेल’ झाले. इंग्रजीने दोन्ही रूपे घेतली. मराठीत या कुटुंबातील आणखी एक जुना सदस्य आहे, ‘इस्पितळ’. तो पोर्तुगीजांकडून आला असे मानतात आणि त्याचा पुरावा शब्दातच आहे. पोर्तुगीजमध्ये ‘एच’ हे अक्षर मुके असते, म्हणून इस्पितळात ‘ह’ नाही आणि हॉस्पिटलात आहे.

६.३ कानाने घेतलेले, डोळ्याने घेतलेले

मराठीने हे शब्द दोन रीतींनी घेतले. काही ऐकून, तर काही वाचून. हा भेद या घटकाचा कणा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

ऐकून घेतलेल्या शब्दात मूळ लेखनाची कोणतीही खूण उरत नाही. ‘डेपो’च्या इंग्रजी लेखनात शेवटी ‘टी’ आहे, पण एकाही एसटी प्रवाशाने ‘डेपोट’ म्हटलेले ऐकिवात नाही. कारण हा शब्द त्याने चालक-वाहकांच्या तोंडून ऐकला. ‘कर्नल’ या शब्दाच्या इंग्रजी लेखनात ‘र’ कोठेच नाही, त्याजागी ‘ल’ आहे. तरी आपण कर्नलच म्हणतो. ‘लेफ्टनंट’मध्ये ‘फ’ दाखवणारे अक्षर नाही. अमेरिकन लोक तो ‘लूटेनंट’ असा उच्चारतात. आपल्याकडचा ‘फ’ हा शब्द ब्रिटिश छावणीतून आल्याची साक्ष देतो. घराघरांत विणल्या जाणाऱ्या ‘क्रोशा’चेही तसेच. आकडीदार सुईला फ्रेंचमध्ये ‘क्रोशे’ म्हणतात. ही कला हातांनी शिकली-शिकवली गेली, पुस्तकाने नव्हे. म्हणून शेवटचा मुका ‘टी’ आपल्याकडे आलाच नाही, उलट मराठीने त्याला आकारान्त करून ‘क्रोशाचे विणकाम’, ‘क्रोशाची सुई’ असे सामान्यरूपही देऊन टाकले.

कानाने घेण्याची परंपरा इंग्रजी राजवटीहून जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रेंच सेनानी बुसी निजामाच्या दरबारी होता. मराठी कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘मुसा बुसी’ असा येतो. ‘मुसा’ हे त्याचे नाव नव्हे. फ्रेंचमधील ‘मस्य’ या आदरार्थी संबोधनाचे ते मराठी कानांनी केलेले रूप आहे. ‘मुसा’ हे नाव मुसलमान समाजात परिचित असल्याने अनोळखी ध्वनी ओळखीच्या साच्यात बसला. भाषाविज्ञानात या प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात. पुढे निजामाच्याच चाकरीत असलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या बाबतीत हेच घडले, आणि हैदराबादचा मूसारामबाग त्याच्या नावावरून ओळखला जातो असे सांगतात. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी आपल्याला पानिपतामुळे ठाऊक आहे. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला असे एक मत आहे, अरबी ‘गर्बी’, म्हणजे पश्चिमेकडचा, असे दुसरे. निर्णय कसाही लागो, पण नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनानंतर हा शब्द मराठी मनात ज्या अर्थाने रुतला, त्या अर्थाशी मूळ फ्रेंचचा काही संबंध उरलेला नाही.

‘काडतूस’ हा शब्द याच लष्करी वाटेचा. फ्रेंच ‘कार्तूश’ घ्या किंवा पोर्तुगीज ‘कार्तूशु’ घ्या, शेवटच्या ‘श’चा मराठीत ‘स’ झाला. हा बदल आपल्याला नवा नाही. फार्सी ‘शाबाश’चे मराठीत ‘शाबास’ झाले, ‘बख्शिश’चे ‘बक्षीस’ झाले. फार्सीत ‘पोश’ म्हणजे झाकणारा वा पांघरणारा. त्याचे ‘पलंगपोस’ आणि ‘पायपोस’ झाले. आर्णीच्या विद्यार्थ्यांपुढे तर याचे घरचेच उदाहरण आहे. गावात ज्यांची यात्रा भरते त्या बाबा कंबलपोष यांच्या नावात भारतीय ‘कंबल’ आणि फार्सी ‘पोश’ एकत्र नांदतात. अर्थ, कांबळे पांघरणारा. हे नाव कोणी ‘ष’ने लिहितो, कोणी ‘श’ने. दैनंदिन वस्तूच्या नावात ‘श’ झिजून ‘स’ झाला, पण आदराच्या नावात तो टिकला. ‘खुश’ हा फार्सी शब्दही मराठीत ‘खूष’ असा संस्कृत ‘ष’ घेऊन लिहिला जातो. तेव्हा ध्वनी झिजणे किंवा न झिजणे हे केवळ जिभेच्या सोयीवर अवलंबून नसते, शब्दाला समाजात काय मान आहे यावरही असते.

आता वाचून घेतलेले शब्द. ‘रेस्टॉरंट’मधील शेवटचा ‘ट’ इंग्रजीतही उच्चारला जातो, म्हणून मराठीतील रूप योग्यच आहे. परंतु ‘बुके’ऐवजी ‘बुकेट’, ‘रॅपो’ऐवजी ‘रॅपोर्ट’, ‘डेब्यू’ऐवजी ‘डेबट’ ही रूपे ज्याने शब्द फक्त छापील पाहिला आहे त्याच्या तोंडी येतात. याविषयी पुढे ६.५मध्ये बोलू. आधी उच्चाराच्या खुणा पाहू.

६.४ उच्चार ओळखण्याच्या खुणा

पहिली आणि सर्वांत उपयोगी खूण म्हणजे मुके अंत्य व्यंजन. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटी लिहिलेली ‘टी’, ‘डी’, ‘पी’, ‘एस’, ‘एक्स’ ही अक्षरे सहसा उच्चारली जात नाहीत. नव्या थरातील शब्दांत इंग्रजीही ती उच्चारत नाही. बुके, बुफे, बॅले, डेपो, डेब्यू ही त्याची उदाहरणे. जुन्या थरात मात्र ‘ट’ स्पष्ट ऐकू येतो : तिकीट, बजेट, पॉकेट, मार्केट. एनसीसीत गेलेल्या विद्यार्थ्यांना दोन्ही प्रकार एकाच नावात सापडतील. ‘कॅडेट’मधील शेवटचा ‘ट’ उच्चारायचा. त्याला लागून येणाऱ्या ‘कोअर’मध्ये लिहिलेले ‘पी’ आणि ‘एस’ मात्र उच्चारायचे नाहीत. ‘कॉर्प्स’ असे म्हटले तर ऐकणाऱ्याला वेगळाच, म्हणजे प्रेत या अर्थाचा शब्द ऐकू येण्याची भीती असते.

दुसरी खूण ‘सीएच’. तिचे विवेचन वर झाले आहे. शब्द खाणे, पोशाख, कला, वाहन या नव्या व्यवहाराचा असेल तर ‘श’ म्हणून पाहावा. शोफर या शब्दाचा मूळ अर्थ ‘तापवणारा’ असा आहे, कारण सुरुवातीच्या वाफेच्या गाड्यांना चालवण्याआधी तापवावे लागे. गाड्या बदलल्या, नाव राहिले. मराठीने तर तो शब्द बाजूला सारून ‘ड्रायव्हर’च पसंत केला.

तिसरी खूण आपल्याला खरोखर अवघड जाते. ‘गॅरेज’, ‘मसाज’, ‘कोलाज’ यांच्या शेवटी जो ध्वनी आहे तो मराठीत नाही. ‘श’ उच्चारताना जीभ जेथे असते तेथेच ठेवून कंठातून नाद सोडला की तो ध्वनी निघतो. म्हणजे तो ‘श’चा घोष जोडीदार होय. मराठीत ‘ज’ दोन आहेत, हे आपण ध्वनिविचारात शिकलात. ‘जीव’मधील तालव्य आणि ‘जहाज’मधील दंततालव्य. या दोहोंपैकी कोणताही तो ध्वनी नाही, पण कान तालव्य ‘ज’ला जवळचा मानतो आणि आपण ‘गॅरेज’ तालव्य ‘ज’ने उच्चारतो. इंग्रजीतही याबाबत एकवाक्यता नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेला हा शब्द काही इंग्रज ‘गॅराझ्’सारखा, तर काही चक्क ‘गॅरिज’ असा, ‘व्हिलेज’, ‘मॅरेज’ या जुन्या थरातील शब्दांच्या वळणावर उच्चारतात. पाहुणा मुरत चालल्याचे हे लक्षण.

येथे फार्सीशी तुलना बोधप्रद आहे. फार्सीतील दंत्य घोष ‘ज’ला मराठीत आधीपासून जवळचा ध्वनी होता, म्हणून अर्ज, रजा, बाजार, नजर हे शब्द दंततालव्य ‘ज’ने सहज बसले. मात्र ‘इ-ई’ पुढे आली की मराठीचा स्वतःचा नियम लागू झाला. राजीनामा, मर्जी, वजीर यांत मूळचा ध्वनी तोच असूनही आपण तालव्य ‘ज’ उच्चारतो. पाहुण्या शब्दाने कसे बोलावे हे शेवटी घरची ध्वनिव्यवस्था ठरवते.

स्वरांच्या खुणा थोडक्यात सांगतो. ‘ई-ए-यू’ ही तीन अक्षरे एकत्र आली की उच्चार ‘ओ’ : ब्यूरो, प्लॅटो. ‘क्यू-यू’चा उच्चार ‘क्व’ न होता ‘क’ : बुके, बुटीक, टेक्निक. ‘ओ-आय’चा उच्चार ‘वा’ : बूर्ज्वा, आणि आठवणींच्या लेखनाला इंग्रजीत म्हणतात तो ‘मेम्वार’. दिग्रसजवळच्या अरुणावती धरणाच्या जलाशयाबद्दल इंग्रजीत बोलण्याची वेळ आली तर ‘रेझर्व्ह्वार’ म्हणावे, ‘रिझर्व्हॉयर’ नव्हे.

नासिक्य स्वर हा शेवटचा मुद्दा. फ्रेंचमध्ये स्वर नाकातून उच्चारला जातो आणि पुढचा ‘न’ वेगळा ऐकू येत नाही. इंग्रजीला ते फारसे जमत नाही, ती ‘ऑन’ म्हणून मोकळी होते. उद्योजक या अर्थाच्या शब्दाची सुरुवात म्हणूनच ‘एन्त्र’ अशी न होता ‘ऑन्त्र’ अशी होते. प्रमाण मराठीतून नासिक्य स्वर जवळजवळ गेले आहेत आणि १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वारही वगळले. कोकणीभाषकाला हे स्वर सहज येतात, आपल्याला मुद्दाम काढावे लागतात. त्यामुळे हिंदीत चंद्रबिंदू देऊन ‘रेस्तराँ’ लिहितात, तसे मराठीत लिहिण्याचे प्रयोजन नाही. समीक्षेच्या पुस्तकांत ‘अवाँ गार्द’ अशी रूपे दिसतील. ती संज्ञा फ्रेंच म्हणूनच वापरली आहे, एवढे ते चिन्ह सांगते.

६.५ कोणता उच्चार बरोबर?

हा प्रश्न संपर्कसत्रात हमखास विचारला जातो आणि त्यामागे केवळ जिज्ञासा नसते. मुलाखतीत ‘बुकेट’ म्हटल्यावर समोरचा हसला, ही भीती त्यामागे असते. शब्द ऐकण्याची संधी ज्याला मिळाली नाही, त्याने तो वाचून मिळवला, आणि जसा लिहिला तसा उच्चारला. देवनागरीत वाढलेल्या माणसाने यापेक्षा वेगळे काही करावे अशी अपेक्षाच चुकीची आहे, कारण आपली लिपी आपल्याला लिहिलेले सारे उच्चारायला शिकवते. यवतमाळ जिल्ह्यात घरी वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी किंवा दखनी बोलून, शाळेत प्रमाण मराठी शिकून, मग इंग्रजीकडे आणि इंग्रजीतल्या फ्रेंचकडे जाणारा विद्यार्थी तीन-चार ध्वनिव्यवस्था ओलांडून येतो. हसणाऱ्याने बहुधा एकही ओलांडलेली नसते.

तरीही प्रश्नाचे उत्तर देणे आवश्यक आहे, आणि ते वाक्याच्या भाषेवर अवलंबून आहे. मराठी वाक्यात मराठीत रूढ झालेला उच्चार बरोबर. ‘हॉटेल’ हा शब्द इंग्रजीत दुसऱ्या अवयवावर जोर देऊन उच्चारतात, पण आर्णीच्या चौकात ‘हॉटेलात चहा घेऊ’ म्हणताना तो जोर दिला तर ते हास्यास्पद होईल. इंग्रजी वाक्यात इंग्रजीचा उच्चार बरोबर, आणि तेथे ६.४मधील खुणा उपयोगी पडतील. फ्रेंच उच्चार मात्र फ्रेंच बोलतानाच लागतो. इंग्रजी बोलणारे स्वतः ‘पारी’ न म्हणता ‘पॅरिस’ म्हणतात. तेव्हा इंग्रजी वाक्यात मुद्दाम शुद्ध फ्रेंच उच्चार करून दाखवणे हा ज्ञानापेक्षा मिरवण्याचा भाग अधिक असतो.

मिरवण्याचा मुद्दा निघालाच आहे तर ‘सलून’कडे पाहा. फ्रेंच ‘सालों’ म्हणजे बैठकीचा दिवाणखाना. इंग्रजीत त्याची ‘सलून’ आणि ‘सॅलॉन’ अशी दोन रूपे झाली. पहिले रूप मराठीत केशकर्तनालयासाठी रुळले, इतके की गावोगावच्या पाट्यांवर तेच दिसते. अलीकडे शहरांत त्याच व्यवसायाला ‘सॅलॉन’ म्हणू लागले आहेत. काम तेच, कात्रीही तीच. उच्चार बदलला आणि दर वाढला.

‘ठेसन’ या रूपाचे काय, असे कोणी विचारील. शब्दारंभीचे जोडाक्षर सोपे करणे ही मराठी बोलींची जुनी रीत आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर जेव्हा शकुंतला धावत होती, तेव्हा तिची वाट पाहणारा माणूस ठेसनावर उभा असे, स्टेशनवर नव्हे. बोलीच्या व्यवस्थेत ‘ठेसन’ पूर्णपणे नियमबद्ध आहे. प्रमाण लेखनात ‘स्टेशन’ लिहावे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्याचप्रमाणे वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून ‘पलटण’ची ‘पलटन’ होते. इंग्रजीतील ‘प्लटून’ हा शब्द मुळात फ्रेंच ‘पलोतों’, म्हणजे लहान चेंडू, लहान घोळका. पलटण त्यावरून आली की ‘बटॅलियन’वरून, याबद्दल मतभेद आहेत, मात्र हे दोन्ही शब्द इंग्रजीत फ्रेंचमधूनच आले.

६.६ मराठीत लिहिताना

मराठीच्या लेखननियमांनुसार परभाषेतून आलेल्या अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा लागतो. म्हणून पोलीस, मशीन, तिकीट, काडतूस. विभक्तिप्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो : पोलिसांनी, तिकिटाचे, काडतुसे. हा नियम केवळ शुद्धलेखनाच्या गुणांसाठी पाठ करू नये. शब्द मराठीत किती मुरला आहे हे मोजण्याचे ते साधन आहे. ‘पोलिसाला’ आपण सहज म्हणतो, म्हणजे पोलीस मराठी झाला. ‘सलुनात’ की ‘सलूनमध्ये’ येथे आपण अडखळतो, म्हणजे सलून अजून उंबरठ्यावर आहे. ‘बुटिकात’ कोणीच म्हणत नाही.

एकारान्त आणि ओकारान्त शब्दांनी मराठीपुढे निराळा प्रश्न टाकला. डेपो, ब्यूरो, बुके, कॅफे यांच्यासाठी सामान्यरूपाचा तयार साचा नसल्याने प्रत्यय थेट लागतो : डेपोत, ब्यूरोने, कॅफेत. अनेकवचनही बदलत नाही. एक बुके, दहा बुके. ‘मेनू’ इंग्रजीत ‘मेन्यू’ असला तरी मराठीत ‘मेनू’ लिहावे, आणि शेवटचा उकार नियमाप्रमाणे दीर्घ ठेवावा.

पर्यायी शब्दांबद्दलही एक निरीक्षण नोंदवतो. राज्यव्यवहारकोशापासून परकीय शब्दांना पर्याय देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. एसटीच्या पाटीवर ‘आगार’ असते आणि प्रवाशाच्या तोंडी ‘डेपो’. ‘पुष्पगुच्छ’ निमंत्रितांच्या स्वागताच्या वृत्तान्तात येतो, दुकानात मागतात तो ‘बुके’. ‘अर्थसंकल्प’ मात्र वृत्तपत्रांत पक्का रुजला. घरखर्चाचे तेवढे ‘बजेट’ राहिले. ‘बजेट’ म्हणजे मुळात चामड्याची लहान पिशवी, तेव्हा घरखर्चाला तोच शब्द अधिक शोभतो. पर्याय आला म्हणून जुना शब्द गेला, असे क्वचितच होते. बहुधा दोघे काम वाटून घेतात.

६.७ आपली प्रगती तपासा

खालील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा आणि समंत्रकांना दाखवा.

१) ‘चेंबर’ व ‘शेफ’ यांतील ‘च’ आणि ‘श’ यांवरून ते शब्द इंग्रजीत कोणत्या थरात आले असावेत, हे सकारण स्पष्ट करा.
२) ‘तिकीट’ आणि शिष्टाचार या अर्थाचा ‘एटिकेट’ हे एकाच फ्रेंच मुळातून निघाले आहेत. त्यांच्या मराठीतील वापराची, उच्चाराची व सामान्यरूपाची तुलना करा.
३) ‘मर्जी’ आणि ‘अर्ज’ मोठ्याने उच्चारून पाहा. दोन्ही ‘ज’मधील फरक जिभेच्या स्थानावरून सांगा. मग ‘गॅरेज’ उच्चारा व तो कोणाच्या जवळचा आहे ते ठरवा.

६.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावच्या मुख्य रस्त्यावरून एक फेरी मारा आणि पाट्यांवरील देवनागरी शब्द जसे लिहिले आहेत तसेच उतरवून घ्या. मनाने दुरुस्ती करू नका. गॅरेज, गॅरेंज, ग्यारेज अशी रूपे आढळल्यास प्रत्येक रूप स्वतंत्र नोंदवा. नंतर एक वाहन दुरुस्त करणारा, एक क्रोशाकाम करणारी स्त्री, एक निवृत्त कर्मचारी आणि एक शाळकरी मुलगा यांना त्यांपैकी दहा शब्द बोलण्याच्या ओघात उच्चारायला लावा. शब्द वाचायला देऊ नका, कारण वाचताना माणूस डोळ्याने बोलतो. प्रत्येक शब्दापुढे तो कानाने आला असावा की डोळ्याने, हे लिहा. ज्या शब्दाबाबत दोन व्यक्तींचे उच्चार जुळत नाहीत, त्यांच्याकडे अधिक लक्ष द्या आणि त्या व्यक्तींनी तो शब्द प्रथम कोठे ऐकला, हे विचारून घ्या. पहिल्या भेटीतच वही पुढे करू नका. आधी चहा घ्या.